वाटणीत न आलेलं अर्थिंग

मोना सकाळचं पाणी पीत नव्हती. उत्तरेश्वर पेठेतल्या विठाबाईच्या गोठ्यात चार म्हशी, त्यांत मोना सगळ्यात दुधाची. सकाळी हौदाशी आणली की ती मान खाली घाली, नाक पाण्याला टेकवी आणि चटका बसल्यासारखी मागं सरके. दुपारी मात्र तीच म्हैस त्याच हौदातलं पाणी पोटभर पिई. असं आठ दिवस चाललं होतं. जनावरांच्या डॉक्टरांनी जीभ पाहिली, इंजेक्शन दिलं. विठाबाईनं मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली, हौद घासून चुना लावला. धार दोन लिटरनं घटली ती घटलीच.

हे तिनं चनबसाप्पा वायरमनला सांगितलं, ते काही इलाज विचारायला नव्हे. तो शिडीवर चढून गोठ्यात पंखा बसवत होता, ती खाली बसून कडब्याच्या पेंढ्या सोडत होती, आणि माणूस समोर असला की बोलत राहायचं ही तिची रीत.

"सकाळी न्हाई पीत, दुपारी पिती. म्हशीला बी आता घड्याळ कळाय लागलंय बघा, आप्पा."

"बाकीच्या पित्यात?"

"पित्यात की. पर थोडं थोडं. त्या मेल्या निबर हायत. हीच तेवढी लाडाची."

"सकाळी म्हंजे किती वाजता?"

"साडेसा, सात. का वो? तुमी आता म्हशी तपासाय लागलासा काय?"

चनबसाप्पा हसला नाही. पंख्याचा नट आवळून झाला होता, तो त्यानं परत आवळला. मग खाली उतरून हौदावरच्या नळाकडं पाहिलं. नळाचा लोखंडी पाइप भिंतीवरून वर गेला होता आणि छपराशी त्याला एक जुनी हिरवी वायर क्लॅम्पनं बांधलेली होती. ती त्यानंच बांधलेली.

माणसाला कळणारही नाही एवढा करंट म्हशीला ओल्या नाकाशी कळतो. हे वायरमनच्या कोर्सात शिकवत नाहीत. चनबसाप्पाला ते गावाकडच्या गोठ्यातून ठाऊक होतं. सकाळ आणि दुपार यांत फरक कशानं पडतो, हे तर त्याला कुणी सांगायचीच गरज नव्हती. सकाळी वरच्या मजल्यावर गिझर चालू असतो.

"पंखा चालू करून बघा की," विठाबाई म्हणाली. त्यानं पंखा चालू केला आणि तो फिरतोय का हे न बघताच शिडी मिटली.

चनबसाप्पा आता साठीला आला आहे. जन्म गडहिंग्लज तालुक्यातला. घरात कानडी, दारात मराठी. आयटीआयला म्हणून कोल्हापुरात आला आणि इथलाच झाला. लाकडी पट्टीवर क्लिपा ठोकून वायर ओढण्याच्या दिवसांत त्यानं सुरुवात केली, मग प्लॅस्टिकच्या पट्ट्या आल्या, मग भिंतीत गाडलेले पाइप. पेठेतल्या घरांत कुठली वायर कुठून गेली आहे याचा कागद कुणाकडंच नसतो. तो याच्या डोक्यात होता. लोक भिंतीत खिळा मारायच्या आधी त्याला फोन करत. "आप्पा, देव्हाऱ्याच्या वर मारू काय?" आणि तो जेवता जेवता सांगे, "वीतभर डावीकडं सरक." चाळीस वर्षांत कुणाचा खिळा वायरीत घुसला नव्हता. वायरीत करंट नाही असं टेस्टर सांगत असला, तरी तो आधी बोटांची मागची बाजू लावून बघे. तळहात लावला आणि झटका बसला तर मूठ वळते, आणि वळलेली मूठ सोडवायला कुणी येत नाही. असा माणूस. बरोबरच्या वायरमनांना तो एकच गोष्ट पुन्हापुन्हा बजावायचा, की अर्थिंगशी खेळ करू नका.

त्याचं कारण साधं आहे. वीज एका वायरीनं येते, काम करते आणि दुसरीनं परत जाते. तिसरी, हिरवी, अर्थिंगची वायर रिकामी ठेवायची असते. कुठं बिघाड झाला तर करंट माणसाच्या अंगातून न जाता तिच्यातून जमिनीत उतरावा, एवढ्याचसाठी ती. रिकामी दिसते म्हणून तिला रोजच्या कामाला जुंपायचं नसतं.

दोन हजार अकराच्या मे महिन्यात, याच घरात, चनबसाप्पानं तिला जुंपलं होतं.

त्या वर्षी हंबीरराव आणि विजयसिंह या भावांची वाटणी झाली. थोरल्या हंबीररावाला, म्हणजे विठाबाईच्या नवऱ्याला, खालचं घर आणि गोठा. धाकट्या विजयसिंहाला वरचा मजला. मीटर दोन झाले. वाटणीपत्रात जिना आला, नारळाचं झाड आलं, परसातली धुण्याची दगडी शिळाही आली. अर्थिंगचा खड्डा कुणाच्या ध्यानात आला नाही. गोठ्याच्या कोपऱ्यात मीठ-कोळसा भरलेला तो एकच खड्डा होता, दोन्ही मजल्यांचा, आणि तसाच राहिला.

वर विजयसिंहाच्या बायकोनं, वर्षाराणीनं, नवं न्हाणीघर बांधून घेतलं होतं. उद्या वास्तुशांत. चनबसाप्पा गिझरची वायर ओढायला बसला तेव्हा कळलं की स्लॅबमधल्या पाइपात सिमेंट उतरून घट्ट झालंय. येणारी वायर कशीबशी सरकली. परतीची जाईना. पाइप मोकळा करायचा तर खालच्या घराचं छत फोडायला हवं होतं.

"ह्येच्या बायकोला गरम पाणी पायजे म्हणून मी माझं घर फोडून घेऊ व्हय? न्हाई जमायचं," हंबीरराव जिन्याच्या पायथ्याशी उभा राहून म्हणाला. भावाचं नाव न घेता 'ह्येच्या' म्हणण्यापर्यंत गोष्टी आल्या होत्या. बाहेरच्या भिंतीवरून वायर नेऊ म्हटलं, तर ती भिंत त्याच्या गोठ्याकडची. "खिळा मारला तर हात मोडीन." हे भावाला होतं, पण हातोडी चनबसाप्पाच्या हातात होती.

पाहुणे यायला लागले होते. चनबसाप्पानं गिझरची परतीची वायर न्हाणीघरात आधीच आलेल्या हिरव्या वायरीला जोडली. गिझर चालू झाला. उद्या नीट करू, असं त्यानं मनाशी ठरवलं. दुसऱ्या दिवशी वास्तुशांतीचं जेवण उठायच्या आत भावाभावांत जिन्यावरून हाणामारी झाली. त्यानंतर त्याला वर कुणी बोलावलं नाही आणि तोही आपणहून गेला नाही. वर्षभर ते त्याला टोचत राहिलं. मग टोचायचं थांबलं.

काही झालंही नाही, कारण हंबीरराव उन्हाळ्यात रोज एक घागर त्या खड्ड्यात ओतायचा. खड्डा ओला असला की जमीन करंट ओढून घेते. हंबीरराव दोन वर्षांमागं वारला.

पंखा बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सहालाच, चनबसाप्पा व्होल्ट मोजायचा मीटर घेऊन गोठ्यात आला. मीटरचं एक टोक नळाला लावलं, दुसरं ओल्या जमिनीत ठोकलेल्या खिळ्याला. आकडा एकावर होता. वर न्हाणीघरात बादली सरकल्याचा आवाज आला आणि आकडा चौदावर गेला.

"काय म्हणतंय यंत्र?" विठाबाईनं विचारलं.

"वहिनी, पायात चप्पल घाला."

"गोठ्यात चप्पल? लक्ष्मी हाय ती."

"नळ धरल्यावर हाताला काय लागतं का?"

"मुंग्या येत्यात कवाकवा. म्हटलं वय झालं."

"दादा घागर वतायचे तो खड्डा कुठं गेला?"

"त्येच्यावर कोबा केला की दिवाळीत. म्हशी घसराय लागल्या. मला तर वाटायचं ह्यास्नी खूळ लागलंय, रोज जमिनीला पाणी पाजत्यात."

त्यानं छिन्नीनं कोपऱ्यातला वीतभर कोबा फोडला. खाली मीठ दगडासारखं कोरडं होतं. खड्ड्यातून वर येणारी लोखंडी पट्टी मूळची दोन बोटं रुंद होती. मिठानं ती खाल्ली होती. एका ठिकाणी ती समईच्या वातीएवढीच उरली होती. गेली चौदा वर्षं वरच्या गिझरचा सगळा करंट तिथून जमिनीत जात होता.

त्यानं तीन घागरी ओतल्या, वरून मीठ टाकलं. आकडा चौदावरून तीनवर आला. मोनाला हौदाशी आणलं. तिनं नाक टेकवलं, थांबली, आणि प्यायला लागली.

"आता काय म्हणावं!" विठाबाई म्हणाली. "डाक्टरला जमलं न्हाई ते वायरमननं केलं. बसा, च्या ठेवते."

बोलायची वेळ ही होती, आणि ती तीच आहे हे त्याला तेव्हाच कळत होतं. पट्टी तुटली तर करंट कुठं जाईल, तो करंट हिरव्या वायरीत मुळात आला कुठून, कुणी सोडला. एक गोष्ट सांगायला घेतली की तिन्ही सांगाव्या लागणार होत्या.

"च्या नको. त्या खड्ड्याला कुणी हात लावू नका," तो म्हणाला. "मी उद्या येतो पट्टी बदलाय."

"या की. खड्डा कुठं पळून चाललाय?"

मग त्यानं दोन ठिकाणची कामं केली. दुसऱ्या ठिकाणी बोर्ड उघडून तो नुसताच बघत उभा राहिला, तेव्हा दुकानदारानं विचारलं, "आप्पा, काय हरवलंय काय?" फुलेवाडीला घरी जेवायला पोचेपर्यंत तीन वाजले.

बायकोनं, चन्नम्मानं, भाकरी वाढली. तो भाकरीकडं बघत हिशेब करत होता. ती वातीएवढी पट्टी तुटली की गिझरचा करंट जमिनीत जाऊ शकणार नाही. मग तो हिरव्या वायरीतच तुंबणार, आणि ती वायर जिथं जिथं बांधली आहे तिथं सगळीकडं उभा राहणार. हौदाचा नळ, कुट्टीचं यंत्र, वरच्या न्हाणीघरातले नळ. तिथला करंट मुंग्या आणणारा नसणार. गोठ्यातली जमीन कायम ओली, विठाबाई अनवाणी. उद्यापर्यंत निभेल. चौदा वर्षं निभलं तर एक रात्र निभेल.

"येन आतु?" काय झालं, असं चन्नम्मानं कानडीत विचारलं.

"काय न्हाई."

"काय न्हाई तर भाकरीला असं का बघालायसा? तिनं काय केलंय?"

"विठावहिनींकडं गेलतो."

"म्हाईत हाय. म्हैस पाणी प्याली म्हणं. मघा फोन केल्ता तिनं, लई खूश होती. गटारीच्या कामाला गवंडी येणार हाय दुपारी, त्याच्याकडनं तुमचा खड्डा बी बुजवून घेते म्हणाली. तुमास्नी उद्या हेलपाटा नको म्हणून."

तो उष्ट्या हातानं उठला.

विठाबाईचा फोन वाजून वाजून बंद झाला. तो नेहमीसारखा आतल्या फळीवर असणार. विजयसिंहानं पहिल्या रिंगला कट केला, दुसऱ्यांदाही. चनबसाप्पानं गाडी काढली. रंकाळ्यापर्यंत रस्ता मोकळा मिळाला. पुढं गंगावेशीत उसाची रिकामी ट्रॉली आडवी लागली होती आणि तिला मागं घेणारे चौघं चार बाजूंनी ओरडत होते. तिथं सात मिनिटं गेली. संध्याकाळच्या धारा पाचला असतात आणि त्याआधी ती हौद भरते, हे त्याला म्हशींइतकंच पाठ होतं.

गोठ्यात शिरला तेव्हा पिराजी गवंडी कोपऱ्यात थापीनं सिमेंट सारखं करत होता.

"पट्टी?" चनबसाप्पानं विचारलं.

"ती गंजकी व्हय? थापी लावली तर हातात आली. भंगारात टाकलीया. दावू काय?"

विठाबाई हौदाशी उभी होती. पाय घोट्यापर्यंत पाण्यात, एक हात बादलीला, दुसरा नळाकडं चाललेला.

"वहिनी, हात काढा!"

तो इतक्या जोरात ओरडला की चारी म्हशींनी माना वर केल्या. विठाबाईच्या हातून बादली सुटली. तोवर तो जिन्याखाली पोचला होता. तिथं दोन मीटर शेजारीशेजारी होते. त्यानं विजयसिंहाचा मेन स्विच खाली ओढला. वरचा टीव्ही बोलता बोलता थांबला.

"कुणी पाडलं रं?" विजयसिंह बनियनवर जिन्यात आला. "कुणाची एवढी हिंमत झाली? आप्पा, तुमी? हिनं सांगितलं काय मेन पाडाय?"

"मी कशाला सांगू?" विठाबाई म्हणाली. "माझीच बादली पडली हितं."

"हिला सांगा, मी हिच्याशी बोलत न्हाई."

"मला काय सांगाय नको, मला ऐकू येतंय."

चनबसाप्पानं सगळ्यांना ओल्या जमिनीवरून उंबऱ्याबाहेर काढलं, म्हशी मागं बांधल्या. मीटर नळाला लावून चौकटीशी टांगला, मेन परत चढवला. "वर्षावहिनींना गिझर चालू कराय सांगा. पर नळाला हात लावू नका म्हणावं. नुसतं बटण."

"गिझरचा हितं काय संबंध?"

"सांगा तर."

विजयसिंहानं वर हाक मारली. आकडा शून्यावरून एकदम एकशे शहाण्णववर गेला. "बंद करा." शून्य. "परत चालू." एकशे शहाण्णव. पिराजी मघापर्यंत त्याच जमिनीवर उकिडवा बसला होता. त्यानं दोन्ही हात पँटला पुसले आणि आणखी एक पाऊल मागं सरकला.

गिझर मघाशी बंद होता, एवढीच गोष्ट. पट्टी उपटून तास झाला होता आणि त्या तासात विठाबाईनं दोन बादल्या भरल्या होत्या.

"गिझर आमचा, वर," विजयसिंह म्हणाला. "आन् करंट हिच्या नळाला? काय करून ठेवलंय हिनं?"

अजूनही सांगण्यासारखं बरंच होतं. पट्टी गवंड्यानं तोडली. कोबा विठाबाईनं घातला. छत फोडू दिलं नाही ते हंबीररावानं. यातलं काहीच खोटं नव्हतं.

"त्यांनी न्हाई. मी करून ठेवलंय," चनबसाप्पा म्हणाला. "तुमच्या वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी. परतीची वायर पाइपात जाईना म्हणून मी अर्थिंगला जोडली. दुसऱ्या दिवशी काढणार होतो. काढली न्हाई."

विजयसिंहानं वरच्या मजल्याकडं बघितलं.

"म्हंजे आमच्या बाथरूममधी बी?"

"तुमच्या नळाला बी हेच आलं असतं."

"रोज सकाळी सातला मी आंघोळ करतो," विजयसिंह म्हणाला. हे त्यानं हळू म्हटलं. मग त्याला आवाज सापडला. "चौदा वर्षं! अख्खी पेठ तुमाला इचारून खिळा मारती, आप्पा! उद्यापास्नं तुमाला दारात कोण उभं करतंय तेच बघतो मी!"

"बघा. पर आदी वायर ओढू द्या. बाहेरच्या भिंतीवरनं न्याय लागंल. भिंत वहिनींची हाय."

विजयसिंहानं भावजयीकडं बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. विचारायचं त्याच्यानं झालं नाही.

"ठोका की," विठाबाई म्हणाली. "का म्हशींस्नी इचारू?"

वर्षाराणी वरून दोन वेळा डोकावून गेली. पिराजीनं स्वतःचंच ओलं सिमेंट शिव्या देत परत उकरलं. खड्ड्यात नवी पट्टी बसली. परतीची वायर प्लॅस्टिकच्या पट्टीतून, उघड्या भिंतीवरून, सगळ्यांना दिसेल अशी वर गेली आणि हिरवी वायर रिकामी झाली. दोन्ही मीटरना करंट गळला की आपोआप बंद पडणारा स्विच लागला. विजयसिंह हाताची घडी घालून प्रत्येक जोड बघत उभा होता. मध्येच तो म्हणाला, "हा दाखवा परत." चनबसाप्पानं टेप सोडून दाखवला. दुसऱ्या वेळीही दाखवला. चाळीस वर्षांत त्याचा जोड कुणी तपासला नव्हता. गिझर चालू असताना नळावरचा आकडा शून्य आला, तो विजयसिंहानं स्वतः वाकून वाचला आणि मग तो वर गेला.

धारा तास उशिरा झाल्या. विठाबाईनं चहा आणून दिला. चनबसाप्पा पायरीवर बसला होता.

"आप्पा," ती म्हणाली, "असं आनी किती घरात करून ठेवलंय?"

दुपारपासून तो स्वतःला हेच विचारत होता आणि उत्तर त्याला पाठ होतं.

"दोन. एक जुन्या बुधवारात, एक शनिवार पेठेत."

"तिथं म्हशी हायत?"

"न्हाईत."

"मग त्या माणसांस्नी कळायचं कसं?"

त्यानं कप तोंडाला लावला. चहा गरम होता.

"आन् तुमी हितं च्या पीत काय बसलाईसा?"

त्यानं कप पायरीवर ठेवला आणि खिशातून फोन काढून जुन्या बुधवारातल्या घरी लावला. पलीकडून बाईनं उचलला. मागं कुकरची शिट्टी होत होती, पोरं ओरडत होती, आणि तिला नाव दोनदा सांगावं लागलं.

"चनबसाप्पा वायरमन बोलतोय. आदी मेन बंद करा. व्हय, आत्ताच. का ते येऊन सांगतो."